साकवाला महागाई भत्ता

गेली तीस वर्षं मी चुकीचं भविष्य सांगते आणि सरकार त्यावर शिक्का मारतं. घाबरू नका, मी ज्योतिषी नाही. मी सरकारी बांधकामातली इंजिनीअर आहे, आणि त्यातही अंदाजपत्रकं करणारी. रस्त्याला, पुलाला, शाळेच्या खोलीला किती खर्च येईल हे ती वस्तू उभी राहायच्या आधी कागदावर लिहायचं, ही माझी नोकरी. सिमेंट इतकी पोती, लोखंड इतके किलो, मुरूम इतके घनमीटर; समोर दर, तळाला बेरीज, त्याखाली माझी झोकदार सही. सही करताना मला दरवेळी हसू येतं, कारण ही बेरीज फार तर टेबलावर चहा येईपर्यंत खरी असते हे मला पक्कं ठाऊक असतं.

नावं सगळी बदलली आहेत, गावाचं तर सांगतच नाही. अजून तीन वर्षं नोकरी आहे आणि मला पेन्शन हवी आहे.

आधी धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. आमच्याकडे दरसूची नावाचं जाडजूड पुस्तक असतं. खिळ्यापासून खडीपर्यंत सगळ्याचे सरकारमान्य दर त्यात असतात. आम्ही त्याच दरानं हिशेब करायचा, बाजारात काही का चालू असेना. आता कल्पना करा, तुम्ही कोल्हापुरात मिसळ खायला गेलात आणि खिशातून गेल्या दिवाळीचं मेनूकार्ड काढून म्हणालात, 'मी या भावानंच पैसे देणार.' हॉटेलवाला काय करेल? पाव एक कमी देईल, कटात पाणी वाढवेल, नाहीतर हात जोडून शेजारच्या हॉटेलचा रस्ता दाखवेल. सरकार नेमकं हेच मेनूकार्ड घेऊन बाजारात बसतं, आणि कंत्राटदार हे तिन्ही उपाय करतात.

तानूआक्का माझ्या आयुष्यात आली ती वासासकट. आजरा तालुक्यातल्या एका वाडीतून एसटीनं कोल्हापूरला येऊन ती थेट आमच्या ऑफिसात शिरली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि हातातली रिकामी दुधाची किटली माझ्या दरसूचीवर आपटली.

"वास घ्या," ती म्हणाली.

मी घेतला, आणि खुर्चीसकट मागे गेले.

"नासलंय. रोज नासतंय. पावसाळ्यातनं चार म्हैनं ह्योच वास हाय बगा म्याडम आमच्या घरात."

साठीची बाई, काटक, कपाळावर आडवी आठी. तिचं म्हणणं साधं होतं. वाडी ओढ्याच्या अल्याड, दूध डेअरी पल्याड. उन्हाळ्यात ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत पाच मिनिटांत डेअरी गाठता येते. पावसाळ्यात ओढा छातीपर्यंत चढतो आणि मग नऊ किलोमीटरचा वळसा. डेअरी सकाळी साडेसातला बंद. वळशानं जाऊन आक्का पोचायची तेव्हा सेक्रेटरी कुलूप लावून घरी न्याहारी करत असायचा. घरी दोन मुऱ्हा म्हशी, गुडघे धरलेला नवरा, आणि त्या दोन म्हशींच्या दुधावर चाललेलं घर.

"साकव बांदा," आक्का म्हणाली. "न्हायतर म्हशी इकून टाकतो मी." आमच्याकडे बायकाही मी येतो, मी जातो असंच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.

साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. मी जागेवर गेले, टेप धरून ओढ्यात उतरले, आणि असा सुरेख साकव काढला म्हणता! दोन म्हशी समोरासमोर आल्या तरी वादावादी होणार नाही इतका रुंद, दोन्ही बाजूंना कठडे, कठड्याला मधोमध कमान. कमानीची काही गरज नव्हती. मला हौस होती. आक्कानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "म्हस कुटं हाय ह्यात?" मी पेन्सिलीनं एक म्हैस काढून दिली. ती तशीच मुंबईला गेली असावी, कारण पुढं कुणीतरी तिच्यावर शाईनं गोल करून प्रश्नचिन्ह घातलं होतं.

फाईल मुंबईला गेली आणि तिथं राहिली. मुंबईत राज्याचं अंदाजपत्रक तयार होतं. ते करणारीही माझ्यासारखीच माणसं. मी एका ओढ्याचं भविष्य सांगते, ते अख्ख्या राज्याचं. पुढच्या वर्षी भाव काय असतील हे दोघांनाही माहीत नसतं. मला विचाराल तर राज्याचा पैसा म्हणजे लग्नाची पंगत. पहिल्या पाटावर पगार, दुसऱ्यावर निवृत्तिवेतन, तिसऱ्यावर जुन्या कर्जाचं व्याज. या तिघांना उपाशी ठेवता येत नाही. मग योजना आणि अनुदानं. सगळ्यांचं पोटभर झालं की पातेल्याच्या बुडाशी जे राहील त्यात रस्ते, पूल आणि शेवटी, अगदी दाराशी चपलांजवळ बसलेले आमचे साकव.

महागाईत सरकारचीही कमाई वाढते, हे खरं. वस्तू महागली की तिच्यावरचा करही फुगतो. पण डिझेल, औषधं, वसतिगृहातली डाळ, हे सगळं सरकारलाही विकतच आणावं लागतं. आणि बाजारच थंड पडला, लोकांनी घरं आणि गाड्या घेणं पुढं ढकललं, तर कमाईही आटते आणि खर्च मात्र उतरत नाही. अशा वेळी पंगतीत दाराजवळच्यांना सांगतात, जरा थांबा, दुसरी पंगत बसते आहे.

आमची फाईल दुसऱ्या पंगतीतून परत आली. शेरा होता : 'चालू दरानुसार सुधारित करून सादर करावे.'

बाजाराचा अंदाज घ्यायला मी शाहूपुरीतल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याला फोन केला.

"भाव काय आहे हो?"

"सकाळचा सांगू का आत्ताचा?"

"दोन्हीत फरक आहे?"

"म्याडम, तुम्ही बोलताय तवर तिसरा आला."

नव्या दरानं साकव आधीच्या रकमेत बसेना. खर्च ठरावीक मर्यादेपुढं गेला की फाईल पुन्हा मुंबई गाठते. मर्यादेच्या आत राहिलं तर आमचे मोठे साहेब इथंच सही करू शकतात. म्हणून मी कात्री घेतली. आधी कमान गेली. मग कठड्यांची उंची. मग रुंदी, आता दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागं फिरावं लागणार होतं. तरी बेरीज मर्यादेत येईना. वर्ष सरलं, नवी दरसूची आली, पुन्हा कात्री, असं तीनदा झालं. मी इंजिनीअर कमी आणि शिंपीण जास्त झाले होते.

आक्का दर दोन-तीन महिन्यांनी यायची. एकदा दिवाळीनंतर ती आली तेव्हा ऑफिसात पेढे वाटणं चाललं होतं. तिच्याही हातावर एक पडला.

"कुणाला पोरगं झालं?" तिनं विचारलं.

"नाही आक्का. महागाई भत्ता वाढला आमचा."

"म्हंजी?"

"म्हणजे बाजारात महागाई वाढली की सरकार आमच्या पगारात भर घालतं."

आक्कानं पेढा तोंडाजवळ नेलेला हात खाली घेतला. "महागाई वाढली की तुमास्नी पैसं मिळत्यात?"

"हो."

"आनि साकवाला?"

"साकवाला भत्ता नसतो, आक्का."

तिनं पेढा माझ्या दरसूचीवर ठेवला. मग अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग साकवाला नोकरीला लावा की वो! कवाधरनं हेलपाटं घालालोय मी!"

ऑफिसात जो हशा झाला तो झाला. हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते. संध्याकाळी घरी जाताना मात्र माझ्या वाट्याचा पेढा मी शिपायाच्या हातावर ठेवला. राज्याच्या पंगतीत साकवाच्या वाट्याची आमटी कुणाच्या पानात जाते हे तीस वर्षांत मला कळलं नव्हतं असं नाही. पण माझंच पान कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

"फुडच्या दसऱ्यापातूर वाट बगतो," त्या दिवशी निघताना आक्कानं सांगितलं होतं. "मग गिऱ्हाईक बगितलंय मी म्हशींस्नी."

आता माझ्या हुशारीचं नाटक सुरू होतं, आणि नायिका अर्थातच मी. साकवाला दोन्ही काठांवरून चढायला मातीचा उतार लागतो. त्याला आम्ही जोडरस्ता म्हणतो. मी विचार केला, मधला साकव हा भाग एक, जोडरस्ते हा भाग दोन. भाग एक मर्यादेत बसतो, साहेब उद्या सही करतील. भाग दोन पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून. या कल्पनेवर मी इतकी खूश झाले की साहेबांच्या केबिनमध्ये ती उभी राहून, हातवारे करून सांगितली. साहेब सावध माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "यात काहीतरी घोटाळा आहे, पण मला सापडत नाही." आणि सही केली.

मंजुरी आली, टेंडर निघालं. आमचा कंत्राटदार शिवाप्पा गडहिंग्लजकडचा. तोंडात तंबाखू, खिशात तीन मोबाईल, आणि दर वाक्याला डिझेलच्या भावाचा उल्लेख. पण काम चोख. उन्हाळ्याच्या सुरुवातीला साकव उभा राहिला. मी जाऊन पाहिला, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली आणि भाग दोनची फाईल उघडली.

त्याच आठवड्यात परिपत्रक आलं. राज्याचं उत्पन्न अपेक्षेइतकं नाही, सबब अर्धवट कामांनाच निधी मिळेल. नवीन काम हाती घेऊ नये.

मी ते तीनदा वाचलं. भाग दोन कागदावर नवीन काम होतं. अर्धवट कामाला पैसे होते, पण माझा साकव अर्धवट नव्हता. तो पूर्ण झाला होता. तसा दाखला होता आणि त्यावर माझी झोकदार सही होती.

फोन वाजला.

"म्याडम, साकव लई देकना झालाय," आक्का म्हणाली. "आता त्येच्यावर चढायचं कसं, तेवढं सांगा."

ओढ्याच्या मधोमध, दोन्ही काठांपासून सुटा, पुरुषभर उंचीवर माझा साकव हवेत उभा होता. ओढा ओलांडायचे जुने दगड पाया खोदताना निघाले होते, म्हणून वाडीतल्या लोकांनी दोन्ही टोकांना बांबूच्या शिड्या लावल्या होत्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, त्याला ढोलताशाचं पार्श्वसंगीत लावलं, आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्याच बहिणीनं मला पाठवला : 'बघ गं, कसली माणसं असतात!' मी खाली हसण्याची तीन चित्रं टाकली. दुसरं काय टाकणार?

मग वाडीवर जाणं भाग होतं. आक्का शिडीपाशीच बसली होती. शेजारी भरलेली किटली.

"धरा," तिनं किटली माझ्या हातात दिली. "चढा."

"मी?"

"तुमीच काढलाय न्हवं का नकाशा?"

माझं वजन नव्वद किलो आहे. ही लपवायची गोष्ट नाही, लपतही नाही. एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात बांबू धरून मी चढायला लागले. खाली निम्मी वाडी गोळा झाली. पहिली पायरी, टाळ्या. दुसरी, तिसरी. चौथीवर शिडीनं असा आवाज काढला की टाळ्या थांबल्या. किटली कलली आणि दूध माझ्या मानेवरून पाठीत उतरलं. मी तिथंच थिजले. वरही जाता येईना, खालीही.

"रोज दोन डाव असं चढतो मी," खालून आक्का म्हणाली. आवाजात आता चेष्टा नव्हती. "उनात चढालोय. पावसात शेवाळ धरंल, मग न्हाय जमायचं. दसऱ्याची बोली हुती, पर आता म्हशी न्ह्यायला मानूस येनार हाय म्हैन्याभरात."

कशीबशी वर पोचले आणि साकवावर फतकल मारून बसले. उंचावर बसल्यामुळे म्हणा, की शरमेनं मान वर करून दुसरीकडे बघावंसं वाटल्यामुळे म्हणा, मला लांबचा रस्ता दिसला. तिथं रुंदीकरण चाललं होतं आणि लाल मुरूम भरलेले डंपर एकामागून एक निघाले होते. डंपरवर शिवाप्पाचं नाव.

मी तिथूनच त्याला फोन लावला.

"शिवाप्पा, हा मुरूम कुठं चाललाय?"

"टाकायला म्याडम, लांब. परवडंना झालंय, डिझेल किती वाडलंय ठावं हाय का—"

"ठाऊक आहे. साकवाजवळ टाकला तर?"

पलीकडून तंबाखू थुंकल्याचा आवाज. "कागुद देतासा?"

त्याच्या रुंदीकरणाच्या करारात लिहिलं होतं, खोदाईतून निघालेला जादा मुरूम 'खात्यानं दाखवलेल्या योग्य ठिकाणी' टाकावा, आणि वाहतुकीचे पैसे अंतराप्रमाणे, जुन्या दरानं. ते अर्धवट कामही माझ्याकडेच, म्हणजे ठिकाण दाखवणारी होते मीच. चार वर्षं ज्या महागाईनं माझा साकव कापला होता, ती त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या बाजूनं बोलली. डिझेल स्वस्त असतं तर शिवाप्पानं मुरूम आनंदानं लांब नेला असता.

साहेबांना मात्र घाम फुटला. "फुकट? जोडरस्ता फुकट झाला असं कसं दाखवायचं? कुठल्या लेखाशीर्षाखाली?"

"जोडरस्ता झालाच नाही साहेब. मुरूम योग्य ठिकाणी पडला."

साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "ढीग जरा उताराचा पडू दे," असं म्हणून ते जेवायला गेले.

पुढं लेखापरीक्षणात याच्यावर आक्षेप निघालाच : 'वाहतूक खर्चात बचत का झाली याचा खुलासा करावा.' खर्च का वाढला याचे खुलासे मी शेकड्यांनी लिहिले आहेत, झोपेतही लिहीन. बचतीचा खुलासा लिहायला मला चार दिवस लागले.

पण ती नंतरची गोष्ट. आठ दिवसांत दोन्ही काठांवर मुरमाचे उतार झाले, रोलरही शिवाप्पानं फिरवला. ते नुसतेच ठेवले असते तर पहिल्या पुरातच विरघळले असते. उताराच्या दोन्ही अंगांना दगडाचं अस्तर हवं, आणि त्याला माझ्याकडे एक रुपया नव्हता. मी आक्काला हे सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "दगूड कसला पायजे?"

वाडीतल्या बायांनी पडक्या बांधांचे दगड वाहून आणले. दगड लावायचा कसा हे मी दाखवलं, आणि ते मी कॉलेजात शिकलेले नाही. माझे वडील खात्यात मैलकुली होते. रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यावर खड्डे भरायचे, गटारं काढायची, ढासळलेली दरड पुन्हा रचायची. दगडाची लांबी आत जाऊ द्यायची, तोंड तेवढं बाहेर ठेवायचं, आणि प्रत्येक दगड खालच्या दोघांवर बसवायचा. बाया दगड लावताना मला शिव्या देत होत्या, अगदी प्रेमानं. मी हसत होते. पण इथं लिहिताना कबूल करते, त्या दगडांची मजुरी अंदाजपत्रकात असायला हवी होती. दुपारच्या उन्हात नऊ बायांनी जे काम केलं त्याचे पैसे राज्यानं द्यायचे होते. ते कुठल्याच तक्त्यात आले नाहीत, आणि येणारही नाहीत. आमच्या भाषेत त्याला 'लोकसहभाग' म्हणतात. मीही रिपोर्टात तोच शब्द लिहिला.

म्हशींचं गिऱ्हाईक आलं होतं म्हणे. आक्कानं त्याला सांगितलं, "दसऱ्यापातूर बोली हाय माजी. तवा ये."

जुलैत आजऱ्याकडे चार दिवस पाऊस कोसळला. मी पहाटेच जीप काढून निघाले. अस्तर धुऊन गेलं असेल, मुरूम बसला असेल, साकव पुन्हा हवेत असेल, अशी सगळी दृश्यं रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढं येत होती. वळशानं वाडीच्या बाजूला पोचले तेव्हा ओढा तपकिरी, फुगलेला, दगडांच्या वरच्या ओळीला चाटत निघालेला. उतार जागेवर दिसत होता. पण आतून पोकळ झाला असेल तर? बाहेरून काही कळत नाही.

तेवढ्यात वाडीकडून आक्का आली. डोक्यावर पोत्याची खोळ, कमरेवर किटली.

"थांबा!" मी दोन्ही हात पसरून आडवी झाले. "आधी मी जाते. मला टिकला तर तुम्हालाही टिकेल. काही झालं तर साहेबांना फोन करा."

आक्का थांबली. मी छत्रीच्या टोकानं मुरूम टोचत, एकेक पाऊल टाकत उतार चढले. खालून पाणी गर्जत होतं. साकवाच्या मधोमध डोळे मिटले, मनातल्या मनात सगळ्या बेरजा पुन्हा तपासल्या आणि पलीकडच्या उतारावर पाय ठेवला. हलला नाही. दुसरा ठेवला. पोचले. वळून, रंगमंचावर म्हणावं तशी हाक दिली, "या आक्का! या!"

आक्का तरातरा चालत आली.

"म्याडम, येवडा जीव मुठीत धरून का निगालतासा? सकाळधरनं दोन्ही म्हशी जाऊन चरायला लागल्यात की पल्याड. मालक सोडून आलाय, गुडघं धरून."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लई हौसेनं निगालासा. म्हटलं, जाऊ दे." तिनं किटली एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली. "सरा आता बाजूला, डेअरी बंद हुतीया."

घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मी बाजूला सरले.